अंकारात उतरायचं कुठे?

राजधानीत काम निघालं की आमच्या मालेगावचा माणूस हॉटेल शोधत नाही, ओळख शोधतो. मुंबईला आमदार निवास, दिल्लीला महाराष्ट्र सदन. आमदाराच्या, खासदाराच्या किंवा गेला बाजार त्यांच्या पीएच्या मावसभावाच्या चिठ्ठीवर त्याचा मुक्काम पक्का होतो. आकाशवाणी आमदार निवासातल्या खोलीत आमदार सोडून बाकी सगळा मतदारसंघ झोपलेला असतो, हे टाटा हॉस्पिटलची तारीख घेऊन गेलेल्या विदर्भातल्या कुठल्याही कुटुंबाला सांगायला नको. खाली सतरंजी, उशाला पिशवी, पिशवीत रिपोर्टांची फाइल. या व्यवस्थेला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं उलट आहे. मुक्काम कुठे टाकावा याची जेवढी अक्कल या चिठ्ठीवाल्या माणसाला असते, तेवढी तारे मोजून खोली घेणाऱ्याला नसते. आणि ही अक्कल पारखून घ्यायची तर त्यासाठी तुर्कस्तानची राजधानी अंकारा यासारखी दुसरी जागा नाही.

मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, जहांगीर मालेगाव. यंत्रमागांचं आणि सिनेमेवाल्यांचं ते नाशिक जिल्ह्यातलं. आमच्या गावच्या माणसाचं निम्मं आयुष्य ‘ते नव्हे हो, हे दुसरं’ असं सांगण्यात जातं. अंकाराचंही तेच झालं आहे. 13 ऑक्टोबर 1923 पासून ती देशाची राजधानी आहे. पण निम्म्या जगाला विचारा, तुर्कस्तानची राजधानी इस्तंबूलच. मशिदी, सामुद्रधुनी, सूर्यास्त आणि फोटो इस्तंबूलच्या वाट्याला आले, अंकाराच्या वाट्याला मंत्रालयं, वकिलाती आणि फायली. अकोल्याहून हिंगोली-नांदेडकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून मेहकरमार्गे संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता मालेगावात एकमेकांना छेदतात. सगळे इथे थांबतात, चहा पितात आणि पुढच्या गाडीची चौकशी करतात. बघायला म्हणून कोणी येत नाही. अशा गावातला माणूस गावाची किंमत देखाव्यावरून ठरवत नाही, सोयीवरून ठरवतो. राजधानी म्हटल्यावर दबून जायचंही त्याला कारण नाही. शेजारचं वाशीम दीड हजार वर्षांपूर्वी वत्सगुल्म नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं. त्याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली. आज तिथे उतरायला लॉज कुठला बरा, एवढाच काय तो प्रश्न उरला आहे. राजधान्या येतात-जातात, लॉजचा प्रश्न कायम असतो.

तर हा माणूस खोली ठरवायला फोन करतो तेव्हा काय विचारतो, ते ऐकण्यासारखं असतं. “पाणी चोवीस तास राहते ना भाऊ? स्टँडवरून पायी येता येते का? संडास कसा हाय? खाली चाय भेटते का? रात्री उशीर झाला तं दार उघडसान ना?” यात जलतरण तलाव नाही, जिम नाही, गच्चीवरून दिसणारं शहर नाही. पाणी पहिलं, कारण वाशीमसारख्या जिल्ह्यात उन्हाळे काढलेल्या माणसाला बाकीचं नंतर सुचतं. यात मागासलेपणा शोधणाऱ्यांनी अंकाराचाच इतिहास बघावा. 1402 च्या जुलैत या शहराबाहेर उस्मानी सुलतान बायझिद आणि तैमूर समोरासमोर आले. बायझिद फौज घेऊन तैमूरला शोधत पूर्वेकडे गेला होता. तैमूर वळसा घालून अंकारापाशी येऊन बसला, पाणवठ्याची जागा त्याने धरली आणि ओढ्याचा प्रवाहही वळवला असं इतिहासकार सांगतात. सुलतान भर उन्हात परत आला तेव्हा त्याच्या सैन्याला प्यायला पाणी नव्हतं. ऐन लढाईत त्याच्या बाजूचे काही घटक पलीकडे जाऊन मिळाले हेही पराभवाचं कारण होतंच, पण ते मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. सुलतान कैद झाला. ‘पाणी चोवीस तास राहते ना?’ एवढं जरी त्याने आधी विचारलं असतं! आज अंकाराचा विमानतळ एसेनबोआला आहे. ते नाव तैमूरच्याच एका सरदारावरून पडलं असं म्हणतात. म्हणजे ज्याने मुक्कामाची जागा नीट निवडली त्याच्या माणसाचं नाव विमानतळाला मिळालं.

आता स्टँड. भारतातून गेलेला माणूस बहुधा इस्तंबूलला विमान बदलून एसेनबोआला उतरतो. विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे आणि तिथून शहरात यायला बस आहे. किंवा तो इस्तंबूलहून वेगवान रेल्वेने चार-साडेचार तासांत येतो. ही गाडी 2014 पासून धावते. आश्ती नावाचा एक अवाढव्य बसस्टँडही आहे, तिथून अख्ख्या देशाच्या गाड्या सुटतात. आश्तीवरून अंकाराय नावाची शहरी रेल्वे थेट शहराच्या मध्यावरच्या किझिलायला येते आणि किझिलायला ती भुयारी मेट्रोला मिळते. नकाशा बघून मालेगावचा माणूस एका क्षणात सांगेल की उतरायचं किझिलायला. दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे राहिलेलं बरं, हे त्याला शिकवावं लागत नाही. यावर जाणकार म्हणतील, किझिलाय म्हणजे नुसता गलबला. किल्ला, अनातोलियाच्या संस्कृतींचं संग्रहालय, हाजी बायराम मशीद हे सगळं जुन्या उलुस भागात, शिवाय खोल्याही तिथे स्वस्त. दुसरे म्हणतील, कावाक्लीदेरेला राहा, झाडं आहेत, कॅफे आहेत, वकिलाती आहेत. दोघांचंही खरं आहे आणि दोघांचंही चुकतं. उलुसला दिवसा जावं, किल्ला चढावा, संग्रहालयात अर्धा दिवस घालवावा. 1997 चा युरोपातल्या सर्वोत्तम संग्रहालयाचा मान त्याला उगाच मिळालेला नाही. पण संध्याकाळी दुकानांची शटरं पडली की त्या गल्ल्यांत सामसूम होते, आणि परगावच्या माणसाने सामसुमीत बॅग ओढत खोली शोधू नये. कावाक्लीदेरे छान आहे, पण ते चढावर आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास, हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. बर्फ पडलेल्या चढावर बॅग घेऊन जाणाऱ्याला कॅफेचा उपयोग फक्त शेक घेण्यापुरता. राहिला किझिलायचा गोंगाट. त्यावरचा उपाय स्टँडजवळ लॉजवर राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: रस्त्याकडची खोली नको, मागच्या अंगाची द्या.

संडासाबद्दल मी इथे मुद्दाम लिहितो, कारण प्रवासवर्णनकार त्यावर लिहीत नाहीत आणि प्रवासी विचार मात्र त्याचाच करत असतो. युरोपला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात प्लॅस्टिकचा एक मग असतो, टॉवेलमध्ये गुंडाळलेला, विमानतळावर तपासणीत बॅग उघडलीच तर कोणाला दिसू नये म्हणून. तुर्कस्तानला तो न्यावा लागत नाही. तिथल्या कमोडला मागच्या कडेला आतल्या बाजूने एक बारीक नळी बसवलेली असते आणि तिचा कॉक शेजारी भिंतीवर असतो. स्वस्तातल्या खोलीतही ही सोय बहुधा सापडते. हॉटेलचे तारे मोजणारा या नळीची चौकशी करत नाही. लॉबीत झुंबर किती, लिफ्ट किती, याला गुण. माणसाच्या रोजच्या सुखाचा मुद्दा ज्या मोजमापात येत नाही त्याला मी तरी मोजमाप म्हणणार नाही.

कोणी म्हणेल, तारे सोडा, हल्ली लोकांचे अभिप्राय वाचता येतात, शेकड्यांनी. वाचावेत, पण लिहिणारा कोण आहे ते बघून. एकाने गुण कापलेले असतात कारण खाली बार नाही. दुसऱ्याने कापलेले असतात कारण पहाटे अजानने झोपमोड झाली. पहाटेची अजान आणि काकडआरती दोन्ही ऐकत वाढलेल्या मालेगावच्या माणसाला यातलं काय घेऊन बसायचं? वऱ्हाडी माणसाच्या डोक्यात मुक्कामाचा मापदंड म्हणजे शेगावचं भक्तनिवास: स्वच्छ चादर, माफक भाडं, शिस्त, आणि कोणी टिपेसाठी दारात घुटमळत नाही. त्या भक्तनिवासाला कोणी तारे दिलेले नाहीत आणि खोली मिळाली नाही म्हणून परत फिरणारे मात्र खूप.

खाण्यापिण्याचा आक्षेप सगळ्यात मोठ्याने घेतला जातो. ‘शाकाहारी माणूस तिकडे मरेल.’ मरणार नाही. मसुराचं दाट सूप जवळजवळ प्रत्येक खाणावळीत असतं, वर लिंबू पिळून, सोबत पाव. म्हणजे वरणच, फक्त भात विसरायचा. त्यात हाडांचा रस्सा घातलाय का, एवढं विचारून घ्यावं. तीळ लावलेलं सिमित हातगाडीवर मिळतं, चीज किंवा पालक घातलेली पातळ पोळी तव्यावर भाजून मिळते. न्याहारीला ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, चीज, अंडं, मध आणि पाव, म्हणून खोली घेताना नाश्ता भाड्यात धरूनच घ्यावी. खरा प्रश्न चहाचा आहे. तुर्क माणूस दिवसभर चहा पितो, मालेगावच्या स्टँडवरच्या माणसाला लाजवील इतका, पण कमरेत बारीक असलेल्या काचेच्या ग्लासातून आणि बिनदुधाचा. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खोलीत केटल आहे का ते आधी विचारावं आणि दुधाची पावडर इथून न्यावी. ही एक वस्तू मगाच्या रिकाम्या झालेल्या जागेत बरोबर बसते.

यावर तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण मूळ पद्धत ओळखीची होती, आणि अंकारात आमदार निवास कुठून आणायचं? इथेच हे शहर आपलं वाटू लागतं. 23 एप्रिल 1920 ला तिथे पहिली संसद भरली तेव्हा गाव लहान होतं, हॉटेलं नावालाच. देशभरातून आलेल्या कित्येक सभासदांनी शिक्षक विद्यालयाच्या वसतिगृहात पथाऱ्या टाकल्या. म्हणजे त्यांचं प्रजासत्ताक आमदार निवासातच जन्मलं. आजही तुर्कस्तानच्या गावोगावी सरकारी शिक्षकगृहं आहेत, अंकारातही आहेत. शिक्षकांना सवलतीत खोली, आणि जागा असली तर बाहेरच्यांना थोडं जास्त घेऊन. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी तिथे भारतीय ओळखपत्र दाखवून सवलत मागून बघावी. मिळणार नाही, पण मागितली नाही तर ते गुरुजी कसले. ओळखीचं दुसरं ठिकाण म्हणजे आपली वकिलात. ती चांकाया भागात, ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव जिना मार्ग. होय, तेच जिना. भारताच्या राजदूताच्या लेटरहेडवर कायदेआझमचं नाव असावं, ही गंमत फाळणीवरच्या कुठल्याही कादंबरीकाराला सुचली नसती.

आणखी एक अडचण उलट्या क्रमाची आहे. व्हिसाच्या अर्जाला हॉटेलचं बुकिंग लागतं. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर ई-व्हिसाचा सोपा मार्ग आहे, पण मालेगावातल्या किती जणांच्या पासपोर्टवर तो असणार! म्हणून बुकिंग फुकट रद्द होणारंच घ्यावं. ‘तिथे पोचून मोबाइलवर बघू’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 2017 मध्ये तिथल्या न्यायालयाच्या आदेशामुळे एका नामांकित जागतिक संकेतस्थळावरून तुर्कस्तानात बसून तुर्कस्तानातलीच खोली घेणं बंद झालं. मालेगावातून मात्र घेता येते. अंकारातल्या खोलीसाठी अंकारापेक्षा मालेगाव सोयीचं, हे वाक्य मला अतिशय आवडतं. भाड्यावर 2023 पासून दोन टक्के मुक्काम कर बसला आहे, तो दरात धरलाय का तेही बघावं. आणि लिरातला जुना दर कोणी सांगितला तर हसून सोडून द्यावा. 2022 च्या ऑक्टोबरात तिथली महागाई सरकारी आकड्यानेच 85 टक्क्यांवर गेली होती.

राहता राहिला तो आक्षेप जो आजकाल पहिलाच येतो: तुर्कस्तानला जायचंच कशाला? मे 2025 च्या भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद नाकारलं, सहल कंपन्यांनी सहली थांबवल्या. ज्याला राग आहे त्याने जरूर जाऊ नये. त्या रागाला कारण आहे आणि सफरचंद न खाल्ल्याने कोणाचं अडत नाही. पण ज्याचं काम वकिलातीत, विद्यापीठात किंवा यंत्रांच्या प्रदर्शनात अडकलं आहे त्याला जावंच लागतं, आणि अशा माणसाला कोणी सहल कंपनी नसते. त्याने रविवारी पोचावं. सरकारी गावात शनिवार-रविवारी कामाची हॉटेलं ओस असतात आणि भाव उतरतात, जसे नागपूरला अधिवेशन उठलं की सीताबर्डीवर उतरतात. किझिलाय, मागच्या अंगाची खोली, गरम पाण्याची खात्री, नाश्त्यासकट, रद्द होणारं बुकिंग. दोन्ही सरकारांचं बिनसलं तर तारीख पुढे ढकलायची. त्याचे पैसे पडत नाहीत.