लोन ईगल बोलतोय!

अमेरिकेच्या हायवेवर तुमच्या पुढे बसएवढी मोटारहोम निवांत चालली असेल, तिच्या मागे बांधलेली छोटी मोटार गुमान फरपटत येत असेल आणि बाजूला काठीएवढी अँटेना डुलत असेल, तर समजावं की आत हा बसला आहे. आतले पडदे, उशा, भिंतीवरच्या नातवंडांच्या तसबिरी सगळं बायकोच्या पसंतीचं. अँटेना आणि स्टिअरिंगखालचा सीबी रेडिओ, म्हणजे कुणालाही वापरता येणारा जवळच्या पल्ल्याचा वायरलेस, तेवढा त्याचा.

वय सत्तरीच्या पुढे. पाळण्यातलं नाव काहीही असो, माइकचं बटण दाबलं की तो ‘लोन ईगल’, म्हणजे एकटा गरुड. हिवाळ्यात उत्तरेकडचे आरव्हीवाले, म्हणजे असल्या फिरत्या घरांचे मालक, थंडी चुकवायला ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात तळ ठोकतात. तिथे रेडिओवर ‘लोन ईगल, आहेस का?’ असं नुसतं विचारा, चार-पाच एकटे गरुड एकदम ओ देतील.

या गरुडाला पंख फुटले ते तेलटंचाईत. 1973 साली अरब देशांनी तेल रोखलं, डिझेल भडकलं आणि पाठोपाठ सरकारने देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा लावली. खेपेवर पोट असलेले ट्रकवाले चिडले. डिझेल कुठे स्वस्त आहे आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे ते सीबीवरून एकमेकांना सांगू लागले. बघता बघता सगळ्या देशाला हा नाद लागला. 1976 च्या सुरुवातीला ‘कॉन्व्हॉय’ हे ट्रकवाल्यांचं गाणं लोकप्रियतेत पहिल्या नंबरावर होतं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट मामा’ या नावाने हवेत बोलायच्या. गर्दी एवढी वाढली की 23 चॅनेल पुरेनात. 1977 पासून ते 40 झाले. आपले ईगलसाहेब तेव्हा विमा विकायचे आणि ऑफिसला जाता-येता मोटारीतून ट्रकवाल्याच्या थाटात बोलायचे. विमा केव्हाच सुटला, थाट राहिला. 1983 साली सीबीसाठी लागणाऱ्या लायसन्सची अटही गेली, पण ह्याने आपलं जुनं लायसन्स लॅमिनेट करून जपून ठेवलंय. कोणी विचारलंच तर!

अजून कोणी विचारलेलं नाही.

त्याची खरी साधना अँटेनेची. साध्या एएम सीबीला कायद्याने फक्त 4 वॉट, म्हणजे आवाज पोचणार जेमतेम काही मैल. त्यातून अँटेनेच्या बुडाशी धातूचा पत्रा लागतो, आणि मोटारहोमचं अंग बहुधा फायबरग्लासचं. पोलादी दांडी 102 इंची; ती बारा फुटी टपावर उभी केली तर पहिल्याच पुलाखाली आडवी. म्हणून हा आखूड दांडी लावतो आणि ती जुळवायला रेस्ट एरियात मीटर लावून बसतो. दांडी केसभर खाली, मीटर बघ. केसभर वर, मीटर बघ. आत सूप निवून जातं. काटा एकदाचा दीडच्या खाली आला की पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात.

मग वायोमिंगमधून जाताना एल्क माउंटनपाशी वारा सुटतो. मोटारहोम हेलकावे खाते आणि ट्रकवाल्यांच्या एकोणीस नंबरच्या चॅनेलवर गरुडाचा कंठ फुटतो.

“ब्रेकर वन-नाइन! लोन ईगल बोलतोय, पश्चिमेला निघालोय. पूर्वेला जाणाऱ्यांनो, पुढे वारा जोरात आहे, रस्त्यात टायरच्या चिंध्या पडल्यात. ऐकताय ना?”

खरखर. पुन्हा तेच सगळं, जरा वरच्या पट्टीत. शेवटी एक ट्रकवाला पेंगुळल्या आवाजात म्हणतो, “टेन-फोर. ईगल म्हणवतोस, पण बांग कोंबड्याची देतोस बाबा.”

ईगलची छाती फुगते. त्याने फक्त ‘टेन-फोर’, म्हणजे ‘निरोप पोचला’, एवढंच ऐकलेलं असतं.

“वाऱ्याचं फोनवर मघाशीच आलं होतं,” बायको म्हणते.

“फोन टेन-फोर म्हणतो का?”

यावर तिच्याकडे उत्तर नसतं. ती शोधतही नाही, कारण तिला संध्याकाळसाठी दम राखायचा असतो. कॅम्पग्राउंडवर गाडी रिव्हर्समध्ये लावताना ती हातातला सेट घेऊन मागे उभी.

“डावीकडे घे.”

“कुणाच्या डावीकडे? ओव्हर.”

“झाडाच्या! थांब!”

“वाक्य संपलं की ओव्हर म्हणावं. संपलं की नाही हे मला कसं कळणार? ओव्हर.”

‘धाड्’. झाडाने ओव्हर न म्हणताच वाक्य संपवलेलं असतं. तेरा नंबरच्या चॅनेलवर बरेच आरव्हीवाले कान लावून असतात. त्यामुळे रात्री शेकोटीपाशी ईगलला काही सांगावं लागत नाही, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

त्याला हसा, पण आडरानात तुमची गाडी बंद पडली तर पहिला थांबेल तो हाच. नऊ नंबरचं चॅनेल अडल्यानडलेल्यांसाठी राखीव आहे आणि ते अजून इमानाने ऐकणाऱ्यांपैकी हा एक. जॅक देईल, कॉफी देईल, आणि कॉफी संपेपर्यंत 1976 सालही देईल.

शिवाय सीबीचा रिवाजच त्याच्या वयाला मानवणारा आहे. पुढचा रस्ता समोरून येणाऱ्याने सांगायचा आणि आपण मागे टाकलेला आपण त्याला सांगायचा. म्हणजे ज्या माहितीचा स्वतःला आता काडीचा उपयोग नाही, तीच इथे दुसऱ्याच्या कामाची. घरी मुलांना अनुभवाचे चार शब्द सांगावेत, तर ती जेवणाच्या टेबलावरच उलटतपासणी घेतात. इथला श्रोता सल्ला ऐकतो, ‘टेन-फोर’ म्हणतो आणि वाद घालायच्या आत ताशी सत्तर मैलांनी उलट्या दिशेला निघून जातो.