रा. रा. हप्तेराव यांस

सन्माननीय हप्तेराव,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही येणार असल्याची बातमी टीव्हीवर ऐकली. आमच्याकडे पाहुणा यायचा तर कावळा ओरडतो. तुम्ही यायचे तर कुठेतरी लांब मंडप पडतो, हार येतात आणि बटण दाबले जाते. फेब्रुवारी २०१९ मध्ये गोरखपुरात ‘पीएम-किसान सन्मान निधी’ म्हणून तुमचे बारसे झाले. तेव्हा वर्षाचे ६००० होतात, २०२५ सालीही ६०००च. डाळ वाढली, डिझेल वाढले, मजुरी वाढली. तुमच्या अंगाला महागाईचा वारा म्हणून लागला नाही. खाता तरी काय?

तुमच्या एका खेपेचे २००० रुपये खिशात आले की मी दुकानात जातो. डीएपीची एक पिशवी १३५० रुपये. युरियाच्या दोन, प्रत्येकी २६६ रुपये ५० पैसे. उरतात ११७ रुपये. त्यात बियाणे, निंदणी, फवारणी आणि सन्मान.

वेळेचे म्हणाल तर तुमचे वेळापत्रक चोख आहे: एप्रिल ते जुलै एक खेप. फक्त २०२५ साली ती खेप २ ऑगस्टला वाराणसीहून निघाली. तोवर माझी कपाशी गुडघ्याला आली होती. पेरणीला पैसे उसने आणले होते. देणारा बिचारा कुठलेच बटण न दाबता देतो.

तुमचे धाकटे बंधू ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात जन्मले. तेही वर्षाला ६०००चेच. पण तुमच्या नावात नुसता सन्मान, त्यांच्या नावात महासन्मान. धाकट्याचे लाड जास्तच.

आता थोडे अंगठ्याविषयी. केवायसीला केंद्रावर गेलो. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. धोतराला पुसून ठेवला, लाल दिवा. केंद्रावरचा पोरगा म्हणाला, ‘‘काका, तुमच्या अंगठ्याला रेघाच उरल्या नाहीत.’’ बरोबर आहे. चाळीस वर्षे विळ्याची मूठ धरली, त्या रेघा मुठीला लागल्या. शेतकरी असल्याचा याहून पक्का पुरावा माझ्याकडे नाही; आणि नेमका तोच यंत्राला चालत नाही.

माझ्या बांधाला लागून चार एकर एक जण बटईने करतो. नांगर त्याचा, घाम त्याचा, बोंडअळीही त्याचीच. सातबारा मालकाचा. मालक तालुक्याला दुकान चालवतात. आयकर भरण्याइतके ते चालत नाही म्हणे. त्यामुळे तुम्ही त्यांच्याकडे उतरता. बटईदार तुम्हाला फक्त टीव्हीवर पाहतो. माझी बायको पहाटेपासून वावरात असते, तीही तुमच्या लेखी शेतकरी नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही.

तुम्ही नकोच, असे मी म्हणत नाही. दारात आलेल्या २००० रुपयांना नाही म्हणण्याइतकी माझी ऐपत नाही. विनंती एवढीच: पेरणीआधी या, बाजारभाव विचारून या आणि सातबाऱ्यासोबत कसणाऱ्याचे हातही बघा.

कळावे, लोभ असावा.
आपला,
दोन एकरवाला

ता. क. : अंगठ्यापायी तालुक्याला दोन खेपा झाल्या. ते ११७ एसटीतच संपले.