वळवाच्या पावसाविषयी एका घराची दोन मते

धारवाडच्या सप्तापूर भागातील जुन्या मराठी घरांच्या उन्हाळी व्यवहाराचा अभ्यास करू पाहणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी, ती अशी की ज्या घराचे रेशनकार्ड एक आहे, आडनाव एक आहे आणि विजेचे बिलही एकच येते, त्या घराचे पावसाविषयीचे मत मात्र अक्षय्य तृतीयेनंतर एक राहत नाही. घराच्या माथ्यावर गच्ची असते आणि पाठीमागे परसू असते. गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड आणि सांडगी मिरच्या वाळत असल्यामुळे तिला कडक आणि अखंड ऊन हवे असते. परसात दुधी, दोडका, पडवळ आणि कोहळा यांचे बी नुकतेच टोकलेले असल्यामुळे त्याला एक चांगली सर हवी असते. या दोन्ही मागण्या एकाच शनिवारी, एकाच कुटुंबाकडून आणि बहुधा एकाच देवघरातून वर जात असल्याने आकाशाची जी ओढाताण होते, तिच्याकडे हवामानशास्त्राने पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

प्रस्तुत विवेचनात पहिल्या मागणीच्या समर्थकांना गच्चीपक्ष आणि दुसऱ्या मागणीच्या समर्थकांना परसपक्ष असे म्हटले आहे. सासू, सून आणि माहेरपणाला आलेली लेक हा गच्चीपक्षाचा गाभा होय. निवृत्त आजोबा हे परसपक्षाचे संस्थापक, अध्यक्ष आणि बहुतेक काळ एकमेव सभासद असतात. घरातली मुले ज्या पक्षाकडून तिखटमीठ लावलेली कैरीची फोड अगोदर मिळेल त्या पक्षात असतात, आणि नोकरीवर जाणारा मुलगा शनिवार-रविवार घरी सापडत असल्यामुळे दोन्ही पक्षांचा वेठबिगार असतो.

या मतभेदाचे मूळ माणसांच्या स्वभावात नसून धारवाडच्या जागेत आहे. हे गाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून अधिक उंचीवर, पश्चिमेचा मलनाड, म्हणजे सह्याद्रीलगतचा भरपूर पावसाचा डोंगराळ मुलूख, आणि पूर्वेचे काळ्या मातीचे कोरडे मैदान यांच्या सीमेवर वसले आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत सकाळपासून जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, अरबी समुद्राकडून येणारी ओलसर हवा आणि पूर्वेकडची कोरडी हवा यांची पठारावर गाठ पडते, आणि दुपारनंतर त्यातून उंच काळे ढग उभे राहतात. या ढगांतून विजांच्या कडकडाटासह, प्रसंगी गारांसह, तासाभरात कोसळून मोकळा होणारा जो मोसमापूर्वीचा पाऊस पडतो, तो वळीव. याचा अर्थ असा की सकाळी दहाला गच्चीपक्षाला पापडांसाठी जे कडक ऊन लाभते, तेच ऊन दुपारी चारच्या पावसाची तयारी करीत असते, आणि म्हणून ज्या दिवशी पापड उत्तम वाळू लागतात त्याच दिवशी ते भिजण्याचा धोका सर्वाधिक असतो. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ हा हवामान खात्याचा अंदाज दोन्ही पक्ष सारख्याच समाधानाने वाचतात, कारण गच्चीपक्षाच्या मते सप्तापूर हे तुरळक ठिकाण नव्हे, आणि परसपक्षाच्या मते सप्तापुराइतके तुरळक ठिकाण अख्ख्या कर्नाटकात नाही.

शनिवार-रविवार ही संज्ञाही येथे ढोबळ अर्थाने घ्यावी लागते, कारण कुरडयांचा रविवार बुधवारी सुरू होतो. बुधवारी भिजत घातलेल्या गव्हाचे पाणी रोज बदलावे लागते. या मुदतीत गहू फुगतो, आंबतो, आणि त्याचा वास घरातील प्रत्येक खोलीत जाऊन आपण आल्याची वर्दी देतो. शनिवारी तो वाटून, पिळून आणि गाळून चोथा वेगळा काढतात आणि उरलेले पांढरे पाणी रात्रभर हलवाहलव न करता ठेवतात. गव्हातील पिष्ट जड असल्यामुळे तळाशी बसते, आणि वरचे आंबूस पाणी ओतून दिल्यावर भांड्यात जे उरते त्याला चीक म्हणतात. रविवारी पहाटे हा चीक मीठ आणि हिंग घातलेल्या उकळत्या पाण्यात ओतून घोटावा लागतो, आणि शिजून चकचकीत झाल्यावर गरम असतानाच सोऱ्यातून, म्हणजे दाब देऊन शेव किंवा चकली पाडण्याच्या साच्यातून, कापडावर घालावा लागतो, कारण निवलेला चीक सोऱ्याला दाद देत नाही. हे काम एकट्याचे नाही. एकाने ओतायचे आणि दुसऱ्याने ढवळायचे असते. गुठळी झालीच तर ओतणाऱ्याच्या मते ढवळण्यात आणि ढवळणाऱ्याच्या मते ओतण्यात कसूर झालेली असते, आणि या वादाचा निकाल लावण्यास वेळ नसल्यामुळे तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे पुढच्या गुठळीपर्यंत, तहकूब राहतो. शाळेच्या दिवशी सात वाजताही न उठणारी मुले या रविवारी पहाटे पाचला हाक न मारता उठून वाट्या घेऊन रांगेत उभी राहतात, कारण ताज्या चिकावर तूप किंवा दूध-साखर घालून तो खाण्याची प्रथा आहे, आणि त्यामुळे कुरडयांची संख्या दरवर्षी अपेक्षेपेक्षा कमी भरते.

यानंतरची कर्मभूमी गच्ची. सप्तापूर हा भाग कर्नाटक कॉलेजपासून जवळ असून स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्या आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांनी गजबजलेला आहे. धारवाडात दगड भिरकावला तर तो कवीच्या घरावर पडतो, असे गमतीने म्हणण्याची जुनी रीत आहे. मे महिन्यात सप्तापुरात भिरकावलेला दगड मात्र साबुदाण्याच्या पापड्यांवर पडण्याचा संभव अधिक, आणि तेथून उसळलाच तर तो परीक्षार्थीला लागेल. वरच्या खोलीत भाड्याने राहणारा असा परीक्षार्थी हातात पुस्तक घेऊन गच्चीवर येरझारा घालीतच असल्याने, वाळवणाची, म्हणजे उन्हात सुकत घातलेल्या पदार्थांची, राखण त्याच्याकडे आपोआप येते. राज्यघटनेची कलमे मोठ्याने पाठ करणारा उमेदवार हे कावळ्यांविरुद्धचे सर्वांत परिणामकारक साधन मानले जाते. मूलभूत हक्क चालू असेपर्यंत कावळे कठड्यावर तग धरतात, पण मार्गदर्शक तत्त्वे लागली की उडून जातात. माकडांवर मात्र राज्यघटनेचा काहीही परिणाम होत नाही. ती दोन्ही पक्षांपासून समान अंतर राखतात, म्हणजे सकाळी गच्चीवरच्या पापड्या खातात आणि संध्याकाळी परसातील कोवळे शेंडे.

परसपक्षाची बाजू समजून घेतल्याशिवाय हे विवेचन एकांगी ठरेल. एप्रिलमध्ये दोन्ही पक्षांचे धोरण एकच असते, कारण खणून उलथी करून ठेवलेली माती उन्हात चांगली तापली की तीतील किडींची अंडी आणि तणांची मुळे बऱ्याच प्रमाणात मरतात, आणि त्या काळात आजोबाही ढग आला की कपाळाला आठ्या घालतात. फूट पडते ती अक्षय्य तृतीयेला. त्या दिवशी वेलभाज्यांसाठी आळी करण्याचा जुना प्रघात आहे. आळे म्हणजे पाणी मुरावे म्हणून रोपाभोवती केलेला खोलगट गोल वाफा. त्यात शेणखत घालून बी टोकले की आजोबांचे राजकीय मतपरिवर्तन त्याच संध्याकाळी पूर्ण होते. धारवाडात १९४७ साली शेतकी महाविद्यालय आणि १९८६ साली कृषिविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले असल्यामुळे शेतीविषयी मत देण्याचा अधिकार येथील प्रत्येक नागरिकाला रहिवासामुळेच मिळतो, मग त्याने हयातभर व्याकरण शिकवलेले का असेना. नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्याने परसपक्षाला तांदूळ धुतलेले, भाज्या धुतलेले आणि चिकावरून ओतलेले पाणी यांवर भागवावे लागते, आणि हे शेवटचे आंबूस पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी जाते, हीच गच्चीपक्षाने परसपक्षाला केलेली एकमेव नियमित मदत होय. ‘हित्तल गिड मद्दल्ल’, म्हणजे परसातले झाड औषध ठरत नाही, ही कन्नड म्हण आजोबांना घरात वारंवार ऐकवली जाते. ऐकवणाऱ्यांच्या हातात त्या वेळी परसातलाच कढीपत्ता असतो.

स्वयंपाकघर हे या दोहोंच्या मधले स्वतंत्र संस्थान असून त्याचे पावसाविषयीचे धोरण संधिसाधू म्हणावे असे आहे. धारवाडच्या आसपास हापूसच्या बागा आहेत आणि घरोघरी एखादे रायवळ झाडही असते; वळवाआधीच्या वादळी वाऱ्याने त्यांच्या कैऱ्या गळतात. गळलेली कैरी आपटल्यामुळे आतून दुखावलेली असते आणि लोणच्यात ती नासण्याची भीती असते, म्हणून लोणच्याला झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या काठीने, अलगद उतरवलेलीच कैरी घ्यावी असा दंडक आहे. गळलेल्या कैऱ्यांना मेथांबा, किसलेल्या कैरीचा तक्कू आणि पन्हे एवढ्यांवर समाधान मानावे लागते. लोणच्यासाठी एक किलो फोडींना साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागते. मीठ फोडींतले पाणी बाहेर ओढते, त्या खारात नासवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे काही चालत नाही, आणि वरचा तेलाचा थर हवा अडवून बुरशीला दाराबाहेर ठेवतो. रंगासाठी ब्याडगी मिरची वापरतात, जिचा लाल रंग गडद आणि तिखटपणा बेताचा असतो. ब्याडगी हे गाव १९९७ साली धारवाड जिल्ह्याच्या विभाजनानंतर हावेरी जिल्ह्यात गेले, पण मिरचीने आणि गिऱ्हाइकांनी या प्रशासकीय बदलाची दखल घेतलेली नाही. निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने अन्न बाटल्यांत भरून, बूच मारून, उकळून टिकवण्याची रीत काढली, तेव्हा १८१० साली फ्रान्सच्या सरकारने त्याला बारा हजार फ्रँकचे बक्षीस दिले. सप्तापुरात अशा कामाला बक्षीस देण्याची प्रथा नाही. बरणी उघडल्यावर ‘यंदा मीठ जरा पुढे गेलंय का?’ एवढा अभिप्राय मिळतो आणि तोही पोळी संपल्यावर.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटतो आणि धोक्याची सूचना कन्नडमध्ये दिली जाते. घरात मराठी बोलून कविता कन्नडमध्ये लिहिणारे द. रा. बेंद्रे ज्या गावात राहिले, त्या गावात भाषांनी कामे वाटून घेतलेली असणे साहजिकच आहे. चूल मराठीत पेटते, भाजी कन्नडमध्ये घासाघीस करून येते, आणि ‘मळी बंतु’, म्हणजे पाऊस आला, ही आरोळी अख्ख्या गल्लीला कळावी म्हणून शेजारच्या गच्चीवरून कन्नडमध्येच उठते. यानंतरच्या दहा मिनिटांत पक्षभेद तात्पुरते मिटतात. सासू चार टोके धरून कुरडयांचे धोतर उचलण्याचा हुकूम देते, सून तीनच टोके हाती लागल्याचे कळवते, परीक्षार्थी पुस्तक दातांत धरून पापडांचे सूप घेऊन जिना उतरतो, आणि आजोबाही वर येऊन मदत करतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसायला हवे ते दिसत नाही, हे गच्चीपक्षाच्या नजरेतून सुटत नाही. अर्धवट वाळलेल्या कुरडया मग पलंग, झोपाळा, अभ्यासाचे टेबल आणि पाहुण्यांसाठी राखलेली गादी यांवर पंख्याखाली पसरल्या जातात, आणि त्या रात्री घरातील माणसे उरलेल्या जागेत झोपतात.

पावसाचा पहिला टपोरा थेंब आळ्यात पडल्यावर विजय कोणाचा झाला, हे मात्र वाटते तितके उघड नाही. गच्चीपक्षाच्या मानाचा पदार्थ म्हणजे कोहळ्याचे सांडगे, म्हणजे कोहळ्याचा कीस आणि भिजवून वाटलेली उडदाची डाळ एकत्र करून घातलेले वाळवण. आणि हा कोहळा मागच्या वर्षी परसपक्षाच्या पावसावर वाढलेला, पांढरी मेणचट साय धरून पिकलेला आणि छपराखाली दोरीला टांगून उन्हाळ्यापर्यंत राखलेला असतो. उलट परसपक्ष आज आळ्यात जे बी टोकतो, ते त्याच कोहळ्यातून निघून गच्चीपक्षाच्या उन्हात वाळलेले आणि भुंगा लागू नये म्हणून राखेत घोळवून ठेवलेले असते. परसपक्षाच्या पावसाखेरीज गच्चीला घालायला काही उरणार नाही, आणि गच्चीपक्षाच्या उन्हाखेरीज परसाला पेरायला काही मिळणार नाही. ही गोष्ट दोन्ही पक्षांना पक्की ठाऊक आहे, पण चर्चेत ती कोणी काढत नाही, कारण ती काढल्यास भांडणाला विषय उरणार नाही आणि मे महिन्याच्या लांबलचक दुपारी घालवायच्या कशा, हा प्रश्न नव्याने उभा राहील.

त्यामुळे सोमवारी सकाळी सप्तापुरात ‘काल पाऊस कसा झाला?’ असे विचारले असता एकाच फाटकातून दोन उत्तरे येतात आणि दोन्ही खरी असतात; विचारणाऱ्याने उत्तर देणाऱ्याच्या हाताला चीक लागला आहे की माती, एवढे पाहून घ्यावे आणि त्याप्रमाणे सांत्वन करावे किंवा अभिनंदन.