वाऱ्याने दिलेले मीटर

पुण्यातल्या फ्लॅटचं छत साधारण साडेनऊ फुटांवर असतं, आणि मासे गरवायला समुद्रकाठावरून जड ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, लांब फेकायचा रॉड असतो दहा फुटांचा. ही तफावत दुकानात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे रॉड दोन तुकड्यांत उभा असतो. घरी नवे मालक तुकडे जोडतात, टोक कसं लवतं ते बघायला मनगटाला एक झटका देतात, आणि रॉडची पहिली चाचणी पंख्यावर होते.

दुसरी चाचणी वाचनाची. मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत रॉडची लांबी, त्याला चालणाऱ्या दोरीचा पीई (म्हणजे जाडीचा) क्रमांक आणि ल्युअरचं वजन छापलेलं असतं, उदाहरणार्थ ४० ते १२० ग्रॅम. हौशी गरवणारे या एका ओळीवर रात्री जागवतात. १२० हा आकडा रॉड काय सोसेल ते सांगतो. तो सर्वांत छान कुठे फेकेल, हे गुपित बहुधा त्याच्या बरंच खाली, ८०-९० ग्रॅमच्या आसपास दडलेलं असतं. पण आमच्या कथेतल्या गृहस्थांनी १२०चा रॉड १२०साठीच घेतला होता. १५०सुद्धा चालेल, असं त्यांचं खाजगी मत होतं.

मग गॅलरी. जाळीला रॉड आडवा बांधून टोकाला पाण्याची एक लिटरची बाटली टांगायची, म्हणजे किलोभर वजन झालं. फक्त वरचा तिसरा हिस्सा वाकला तर रॉड कडक. बाक मुठीपर्यंत उतरला तर मऊ. कडक रॉड चटकन फेकतो, मऊ रॉड चूक पोटात घालतो. ही तपासणी चांगली, शास्त्रशुद्ध आणि फुकट आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र आपल्या खिडकीसमोर वरखाली होणाऱ्या बाटलीत शास्त्र दिसलं नाही.

खरी मजा मैदानावर. ब्रिटनमध्ये या फेकीच्या रीतसर स्पर्धा होतात, आणि त्या पाण्याजवळ नव्हे तर गवतावर. इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंदावत जाणारी हद्द आखतात. दोरीला बांधलेलं शिसं त्याबाहेर पडलं तर फेक बाद. वजनं ठरलेली: १००, १२५, १५० आणि १७५ ग्रॅम. प्रत्येक वजनाला दोरीची किमान जाडीही ठरलेली, १५०ला ०.३१ मिलिमीटर. क्रिकेटच्या चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम; म्हणजे हे शिसं चेंडूच्याच तोलाचं, फक्त ते सुटतं बारा-तेरा फुटी दांड्याच्या टोकावरून. मधेच दोरी तुटली तर ते कुठे जाईल हे त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून पुढे जाड दोरीचा एक पदर जोडतात. त्याचा ढोबळ हिशेब असा, की दर औंसाला दहा पौंडांची ताकद. १५० ग्रॅमला पन्नास पौंडांच्या वर, सुमारे २४ किलो.

गृहस्थांनी भल्या पहाटेचं रिकामं मैदान निवडलं, वर विजेच्या तारा नाहीत याची खात्री केली (कार्बनमधून वीज छान वाहते, हे रॉड विकताना सांगतातच असं नाही), पॉपर नावाच्या ल्युअरचे तिहेरी गळ काढले आणि आधी शिसं, मग पॉपर फेकला. मैदानावरच्या एका भटक्या कुत्र्याने गवतावरून उड्या मारत परत येणारा तो पॉपर मन लावून पकडला. रीलने थोडी दोरी सोडली. पुण्याच्या हद्दीत त्या रॉडला लागलेला हा एकमेव मासा.

टेपने मोजल्यावर शिसं फार लांब गेलेलं निघालं, पॉपर त्याच्या बऱ्याच अलीकडे. वजन दोघांचं सारखंच. पण शिसं लहान आणि गोल, तर पॉपर लांबट, लाकडी आणि तोंडाशी वाटीसारखा खोलगट. हवेत शिरायला त्याची तयारीच नसते. तरीही चारचौघांत सांगताना गृहस्थ शिशाचाच आकडा सांगत. शिसं गिळायला कोकर मासा तयार नसतो, हा मुद्दा गौण.

मग देवगड. समुद्रावर टेप चालत नाही, तिथे रंग मोजतात. बहुरंगी पीई दोरी दर दहा मीटरला रंग बदलते. किती रंग बाहेर गेले ते मोजले की अंतर हाती येतं, अशी समजूत. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा होता. गृहस्थांनी खडपावरून फेक केली आणि आठ रंग गेले. दुपारी वायव्येचा वारा आडवा सुटला आणि नऊ रंग गेले! वारा बिघडूनही फेक सुधारली होती. वस्तुस्थिती अशी, की दोरीला वाऱ्याने भलं मोठं पोट काढलं होतं आणि ल्युअर सकाळपेक्षा जवळच पडला होता. सोसाट्याचा वारा असेल तर कुणीही विक्रमवीर होतो. जाड दोरीला हे पोट जास्तच सुटतं. पीई ३ची दोरी ०.२८५ मिलिमीटर, पीई ८ची ०.४७. वहीत मात्र शाईने नोंद झाली: नव्वद मीटर.

शेजारच्या कातळावर एक म्हातारे आजोबा प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेल्या दोरीने गरवत होते. रॉड नाही, रील नाही. त्यांनी बराच वेळ गृहस्थांकडे पाहिलं.

‘‘ओ सायबानू, मासो हयसर आसा. थयसर कित्याक फेकतास?’’

आणि पायांखालच्या फेसातून त्यांनी एक तांबोशी वर ओढली.

गृहस्थांनी ताबडतोब जवळ फेकायचं ठरवलं. पण जवळ, उथळ खडकात, वीस ग्रॅमचा ल्युअर लागतो, आणि ४० ते १२० ग्रॅमच्या रॉडला वीस ग्रॅम टोकाला आहेत हेच कळत नाही. तो वाकतच नाही, मग फेकणार काय? ल्युअर दहा-बारा मीटरवर टपकन पडला. रंग मोजायचं कारणच उरलं नाही.

पुण्याला परतल्यावर दुकानदाराने सात फुटी रॉड काढून दिला. लेबल १० ते ३० ग्रॅम. छताला लागणार नाही, पंख्याला लागणार नाही, खडपाजवळच्या माशांना अगदी योग्य.

‘‘आणि साहेब,’’ दुकानदार म्हणाला, ‘‘वजनाच्या मानाने हासुद्धा फार लांब जातो.’’

‘‘किती?’’ गृहस्थांनी विचारलं.