तालुका क्रीडा संकुल कसं उभारावं: नवख्यांसाठी

अभिनंदन! तुमच्या तालुक्याला क्रीडा संकुल मंजूर झालंय. खेळातलं काही कळत नसेल तर घाबरू नका, ते कुठेच विचारत नाहीत.

आधी जागा. शाळेमागच्या पटांगणाकडे बघूसुद्धा नका. तिथे पोरं आधीच खेळतात, म्हणजे तिथे गरज नाही. गावापासून चार किलोमीटरवर, एसटी न थांबता जाते असं माळरान धरा. पावसाळ्यात तिथे तळं साचत असेल तर सोन्याहून पिवळं; जलतरण तलावाचा प्रस्ताव पुढच्या वर्षी टाकता येतो.

पैशाची चिंता नको. तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा 2022 मध्ये 1 कोटीवरून 5 कोटींवर गेली. त्यात धावपट्टी, हॉल, कुंपणभिंत आणि कमान बसवायची आहे. सुरुवात कमानीपासून करा. नावं सगळी मावली पाहिजेत, आणि कोण कोणाच्या वर यावरच तीन बैठका जातात.

हॉलचं काम ठेकेदारावर सोडा. बॅडमिंटनला छत निदान 9 मीटर उंच लागतं, हे त्याच्या कानावर घालू नका. त्याने आजवर मंगल कार्यालयंच बांधलीत, त्यामुळे हॉल आपोआप तसाच होतो आणि लग्नसराईत कामाला येतो. कबड्डीची मॅट मात्र जरूर मागवा. आली की गुंडाळून कोपऱ्यात उभी करा. अंथरली तर झिजते. उंदीर खातात तो भाग वेगळा.

उद्घाटनाच्या दिवशी एखादे निवृत्त पीटीचे सर उभे राहून विचारतील, "साहेब, देखभालीचं काय?" त्यांना पुढच्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ द्या. कारण या प्रश्नाला खरंच उत्तर नाही. बांधायला अनुदान मिळतं. पुढे संकुलाने आपलं आपण कमवून खावं अशी अपेक्षा असते. माळरानावर कमवणार कोणाकडून? म्हणून रस्त्याच्या कडेला गाळे काढा. मग समितीच्या बैठकीत खेळाचा विषय निघायचं कारणच उरत नाही, गाळ्यांची थकबाकी पुरते. क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणखी दोन तालुक्यांचा भार असतो, तेव्हा किल्ली वॉचमनकडे ठेवा. वॉचमन शेतावर जातो.

एक अडचण मात्र येईल. पहाटे पाचला गेटबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरंपोरी पळताना दिसतील. पोलीस भरतीची तयारी. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. मोटारसायकलच्या मीटरवर अंतर मोजून त्यांनी विजेच्या खांबाला चुन्याचा पट्टा ओढलेला असतो. एक जण मोबाइलवर वेळ लावतो. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की सगळी कडेच्या मुरमात उतरतात. घड्याळ थांबत नाही. गोळाफेक रस्त्यावर जमत नाही, म्हणून पोरांचा 7 किलो 260 ग्रॅमचा गोळा कुणाच्या तरी पडीक रानात पडतो. भिंतीपलीकडे गाजरगवताखाली आपली 400 मीटरची धावपट्टी आहेच. चार फेऱ्या मारल्या की बरोबर 1600.

त्यांच्यातल्या कोणी किल्ली मागितली तर नाही म्हणू नका. अर्ज घ्या, दोन प्रतींत. आवक क्रमांक टाका, आणि विषय पुढच्या बैठकीत ठेवतो म्हणून सांगा.