रोप एक, हात नऊ

इंदूरच्या अन्नपूर्णा भागात भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांना जून उजाडला की वसुंधरेचा एकदम पुळका येतो. दोष त्यांचा नाही. पदवीला पर्यावरण शिक्षणाची किमान 4 क्रेडिटं हवीत, इंटर्नशिपचे तास वेगळे. त्यामुळे 5 जूनला रोप एक, त्याला लागलेले हात नऊ, आणि बॅनर रोपाच्या दसपट उंच. (त्यावर पाहुण्यांचे फोटो, झाडाचं नाव मात्र कोणालाच ठाऊक नसतं.)

शहराला विक्रमाची सवयच आहे. 14 जुलै 2024ला रेवती रेंजवर 24 तासांत 11 लाखांहून जास्त रोपं लावून आपण गिनीज बुकात जाऊन बसलो. लावण्याचा विक्रम होतो हो. एप्रिलच्या उन्हात बादली वाहण्याचा होत नाही. त्या इंटर्नशिपची जाहिरात अजून माझ्या पाहण्यात नाही.

खरं तर सिरपूर तलाव हाकेच्या अंतरावर, 2022पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत. तिथे पहाटे वही घेऊन बसलं तर फुकटात शिकता येईल. पण पाणपक्षी प्रमाणपत्रावर सही करत नाहीत, शिक्का तर त्यांच्याकडे नसतोच.