पुडीच्या आधी रक्त तपासा

सुरतेच्या पर्वत पाटियाला राहणाऱ्या चाळिशीच्या माणसाला ताठरता येईनाशी झाली की तो सांगतो कुणाला? बायकोला सांगत नाही, तिला ते आधीच कळलेलं असतं. मित्राला सांगत नाही, दुसऱ्या दिवशी लूमच्या सगळ्या खात्यात बोभाटा होईल. डॉक्टरला सांगत नाही, कारण दवाखान्यात शेजारच्या बाकावर गावाकडचाच कुणीतरी बसलेला असतो. मग तो भिंतीवर रंगवलेला मोबाईल नंबर लावतो. पलीकडचा माणूस वय विचारतो, लग्नाला किती वर्षं झाली ते विचारतो आणि ताकदीच्या पुडीचा भाव सांगतो. शुगर विचारत नाही. माझा सगळा राग त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

ताप्तीकाठच्या रेल्वेनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला येत राहिली. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, पर्वत पाटिया हा पट्टा आज अहिराणी बोलतो. कुणी मार्केटात गठ्ठे उचलतं, कुणी डाइंग मिलमध्ये आहे, कुणी लूमच्या खात्यात. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. झोप तुटकी, गालात मावा, रिकाम्या पोटी चहा आणि त्यावर उतारा म्हणून ॲसिडिटीची कॅप्सूल. यातली एकेक गोष्ट ताठरतेच्या मुळावर येऊ शकते, आणि यातली एकही पुडीनं सुधारत नाही.

हा आजार खानदेशाचा नाही आणि गरिबीचाही नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या आणि 1994 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 40 ते 70 वयाच्या पुरुषांपैकी 52 टक्क्यांनी कमीअधिक तक्रार सांगितली होती. म्हणजे दर दोघांत एक. लाजायचं तर मग अर्ध्या जगानं लाजावं लागेल.

आता मूळ गोष्ट. ताठरता म्हणजे रक्ताचं काम. मेंदू इशारा देतो, नसा तो पोहोचवतात, रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त भरतं. लिंगातल्या रोहिण्यांचा व्यास साधारण 1 ते 2 मिलिमीटर, हृदयाच्या रोहिण्यांचा 3 ते 4. चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच चढत असेल तर आधी कोंडतील त्या बारीक. हृदयविकार झालेल्या अनेक पुरुषांमध्ये ही तक्रार छातीच्या दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू झालेली आढळली आहे. दोन-तीन वर्षं! शरीरानं इतकी आधी सूचना दिली, आणि माणसानं ती मुदत पुड्या गिळण्यात घालवली. मला यापेक्षा वाईट उधळपट्टी माहीत नाही.

लूमवर ताण्याचा धागा तुटला तर कारागीर माग तसाच रेटत नाही, तुटलेला धागा शोधतो. तेवढंच इथे करायचं आहे.

पहिली तपासणी साखरेची. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, एचबीए1सी 6.5 किंवा त्याहून जास्त, म्हणजे मधुमेह. काही त्रास नसेल तर आकडा दुसऱ्यांदा तपासून पक्का करतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली आलेल्या देशव्यापी पाहणीनं भारतातल्या मधुमेहींचा अंदाज 10 कोटी 10 लाख दिला, आणि उंबरठ्यावर असलेले आणखी 13 कोटी 60 लाख. यातल्या कितीतरी जणांना आपल्याला साखर आहे हेच ठाऊक नसतं. मधुमेह नसाही खातो आणि रक्तवाहिन्याही, म्हणून ताठरतेवर त्याचा मार दुहेरी. चाळिशीतल्या पुरुषाला साखरेची पहिली खबर कित्येकदा अंथरुणातच मिळते, आणि तो तिला ‘कमजोरी’ म्हणून दडपतो.

इथे आमच्या पट्ट्यापुरती एक सूचना. नंदुरबारच्या आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात सिकलसेल आहे. ज्याला तो आजार आहे त्याची एचबीए1सी फसवी येऊ शकते, खरी साखर जास्त असताना आकडा कमी दिसतो. त्यानं उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहायची. शिवाय सिकलसेलमध्ये लिंग वेदनेसह तासन्‌तास ताठ राहण्याचे झटके येतात. चार तासांच्या आत इलाज झाला नाही तर आतल्या पेशी मरू लागतात आणि ताठरता कायमची जाऊ शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच इस्पितळ गाठायचं.

साखरेबरोबर कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, साधी लघवीची तपासणी, हिमोग्लोबिन. डॉक्टरला संशय आला तर थायरॉइड. ब्लडप्रेशर मोजायला तर लॅबही लागत नाही, दंडाला पट्टा बांधला की झालं. तेवढंही कुणी करत नाही, हे मला अजून समजत नाही.

मग टेस्टोस्टेरॉन. नाव सगळ्यांना पाठ, रीत कुणालाच नाही. हे संप्रेरक झोपेनंतर सर्वांत जास्त असतं, म्हणून रक्त सकाळी द्यायचं, शक्यतो उपाशीपोटी. दुपारी चारला काढलेल्या रक्तात आकडा कमी आला की लगेच ‘हार्मोन कमी आहे’ असं ठरवणं चूक. आता रात्रपाळीवाल्याची सकाळ कुठली? तो सात वाजता कामावरून सुटतो तेव्हा रात्रभर जागा असतो. त्यानं सकाळचं म्हणून त्याच वेळी रक्त दिलं तर आकडा त्याच्या थकव्याचा येईल. पाळी कुठली आहे हे डॉक्टरला सांगितलंच पाहिजे. झोप घेऊन उठल्यावर लवकर रक्त दिलेलं बरं. सुरतेतल्या ज्या डॉक्टरनं लूमवाल्याला पाळी न विचारता टेस्टोस्टेरॉनची तपासणी लिहून दिली, त्यानं पेशंट पाहिलाच नाही.

अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांची संघटना 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही खालची रेघ धरते, तीही दोन वेगवेगळ्या सकाळी तपासून आणि सोबत लक्षणं असतील तर. एका कागदावर कुणाचं पुरुषपण ठरत नाही. तापात, मोठ्या आजारात हा आकडा तात्पुरता घसरतो. पोट सुटलेल्या माणसात एकूण आकडा कमी दिसतो, म्हणून कधी मुक्त टेस्टोस्टेरॉन पाहावं लागतं. आकडा खरोखरच कमी निघाला तर पुढे एलएच आणि प्रोलॅक्टिन. दोष वृषणात आहे की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत, ते त्यावरून कळतं.

प्रोलॅक्टिनपाशी थांबावंसं वाटतं. ते वाढलं की इच्छा मरते आणि ताठरताही जाते. पिट्युटरीची छोटी गाठ हे एक कारण, आणि ती बहुतेक वेळा गोळ्यांनी आटोक्यात येते. दुसरं कारण त्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये आहे. आपल्याकडे रोज सकाळी घेतल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन असतं, काहींमध्ये लेव्होसल्पिराइड. दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. पाळीच्या कामामुळे पोट बिघडलं, पोटासाठी वर्षानुवर्षं कॅप्सूल चालू राहिली, तिनं प्रोलॅक्टिन चढलं, आणि मग त्या माणसानं ताकदीची पुडी घेतली. साखळी कुणी मागे जाऊन पाहिलीच नाही. डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी औषधांची पाकिटं पिशवीत भरून न्या: प्रेशरची, नैराश्याची, केसांची, पोटाची. यातली काही औषधं ताठरता घटवतात आणि पर्याय असतात. मात्र कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन हा आणखी एक धंदा. जिममध्ये मिळतं, काही दवाखान्यांतही पटकन टोचतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्राणूंची निर्मितीही घटते, कधी पूर्ण बंद पडते. मूल हवं असलेल्या तरुणाला ‘ताकदीसाठी’ हे टोचणं म्हणजे त्याचा संसार धोक्यात घालणं. टोचण्याआधी त्याला मूल हवं आहे का, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं.

वीर्यतपासणी लोक हमखास करून घेतात. ती मूल होण्यासाठी उपयोगाची, ताठरतेचं कारण तिच्यातून कळत नाही. ऐंशी तपासण्यांचं चकचकीत पॅकेजही नको. साखर, चरबी, क्रिएटिनिन आणि टेस्टोस्टेरॉन एवढ्यात बहुतेकांचं पहिलं काम होतं. पुढचं डॉक्टर ठरवेल.

आणि ज्याचं कारण रक्तात नाहीच, त्याचं काय? पहाटे ताठरता येते, एकट्यानं असताना येते, बायकोजवळ मात्र जाते: मग यंत्रणा बहुधा ठीक आहे, ओझं मनावर आहे. गोडादऱ्याच्या एका खोलीत आईवडील, मुलं, पाहुणा आणि मध्ये साडीचा पडदा. त्या खोलीचं प्रमाण मोजणारी चाचणी कुठल्या लॅबमध्ये नाही. पण सगळे रिपोर्ट चांगले आले, हे कळण्यानंच कित्येकांचं अर्धं भय उतरतं. तपासणीचा हाही उपयोगच.

हे सगळं मराठीत बोलायची परंपरा आपल्याला आहे, आणि ती महागात पडलेली आहे. र. धों. कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि 1953 साली मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून 1934 साली त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. शास्त्रीय उत्तर देणाऱ्याला शिक्षा झाली, आणि खोटं उत्तर देणारा आज भिंतीवर नंबर रंगवून मोकळा फिरतो. कायदा नाही असं नाही. 1954 सालचा औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा लैंगिक क्षमता वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला मनाई करतो. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भिंतीवर नंबर लिहिलेला आहे. पोलिसांना पत्ता शोधायला यापेक्षा सोपा गुन्हा कुठला मिळणार?

पर्वत पाटियाच्या माणसाला माझं सांगणं व्यवहाराचं आहे. तोंडातून शब्द निघत नसेल तर पालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन एवढंच म्हणा: शुगर आणि प्रेशर तपासायचं आहे. तिशी ओलांडलेल्यांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. केस पेपर हातात आला, डॉक्टरसमोर बसलात, की उरलेलं वाक्य हळू आवाजात सांगता येतं. मोठी तपासणी लागली तर सहारा दरवाजाजवळ पालिकेचं स्मीमेर इस्पितळ आहे. आणि पालिकेनंही एक करावं: मार्केटच्या आणि खात्यांच्या भागात पाळी सुटायच्या वेळी केंद्र उघडं ठेवावं, फलक मराठी, उडिया आणि हिंदीतही लावावा. एक दिवसाची मजुरी बुडवून रक्त द्यायला कुणी येत नाही.

शेवटी पुडीबद्दल, कारण ती घेणारे घेणारच. ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत लपवून घातलेलं सिल्डेनाफिल जगभर पुन्हा पुन्हा सापडलेलं आहे. ही 1998 साली अमेरिकेत मान्यता मिळालेली तीच गोळी, आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी. योग्य माणसाला ती चांगला गुण देते. पण छातीत दुखताना जिभेखाली ठेवतात त्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळीबरोबर ती आली तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. म्हणून छातीत दुखून इस्पितळात जायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरला लगेच सांगायचं: काल अशी गोळी किंवा पुडी घेतली होती. सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास आणि त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट देत नाहीत. नवऱ्याला बोलता येत नसेल तर बायकोनं सांगायचं, आणि त्यासाठी पुडी कुठल्या खिशात आहे हे तिला माहीत असायला हवं.